'वय झालंय' हे निदान नव्हे!

घरातल्या ज्येष्ठांना अचानक बरं वाटेनासं झालं की आपण इमर्जन्सी विभागाकडे धाव घेतो. पण तिथल्या डॉक्टरांना म्हातारपणातल्या आजारांची वेगळी भाषा कोण शिकवतं? आणि ती समजून घेताना त्यांना तुमची मदत का लागते? चला, जाणून घेऊ या.

कल्पना करा, तुमची ७८ वर्षांची आजी सकाळपासून जेवलेली नाही. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखतही नाही. विचारलं तर एवढंच म्हणते, "कसंतरी होतंय गं." दुपारी ती खुर्चीतून उठेनाच, तेव्हा तुम्ही तिला हॉस्पिटलमध्ये नेता. तिथे डॉक्टर विचारतात, "नेमकं काय होतंय?" या प्रश्नाचं उत्तर आजीकडे नसतं आणि तुमच्याकडेही नसतं.

त्या 'कसंतरी'मागे काहीही असू शकतं. हार्ट अटॅक, लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवीन सुरू केलेली एखादी गोळी किंवा नुसतीच न झालेली झोप. यातलं खरं कारण शोधणं फार अवघड असतं. अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी एक सोपं वाक्य येतं, "आता वय झालंय, चालायचंच."

नातेवाईक ते वाक्य म्हणतात, शेजारी म्हणतात आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात. पण वय हा आजार नाही आणि निदान तर नाहीच. इमर्जन्सीच्या डॉक्टरांना हे नीट शिकवलं पाहिजे, हा विचार गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रुजला. त्यातून वैद्यकशास्त्राची एक शाखाच उभी राहिली आहे. इंग्रजीत तिला 'जेरियाट्रिक इमर्जन्सी मेडिसिन' म्हणतात. आपण तिला ज्येष्ठांचं तातडीचं वैद्यक म्हणू या.

शरीर तक्रार करतं, पण वेगळ्या शब्दांत

इमर्जन्सी विभागाचं काम साधारण असं चालतं. पेशंटची एक मुख्य तक्रार, तिचं एक मुख्य कारण, त्यावर झटपट उपाय आणि मग पुढचा पेशंट. मोटारसायकलवरून पडलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलाला ही पद्धत छान लागू पडते. पण बीपी, मधुमेह, गुडघेदुखी आणि रोजच्या आठ गोळ्या सांभाळणाऱ्या ८० वर्षांच्या आजोबांना ती पुरत नाही. त्यांच्या बाबतीत पुस्तकातली लक्षणंच बदललेली असतात.

हार्ट अटॅकचंच बघा. छातीत कळ, डाव्या हातात वेदना आणि दरदरून घाम हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. वय वाढलं आणि त्यातही मधुमेह असला, तर छातीत अजिबात न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो. तेव्हा दिसतं काय? धाप लागणं, उलटी, अचानक आलेला थकवा, चक्कर किंवा असंबद्ध बोलणं. म्हणून 'छातीत दुखत नाही ना, मग ईसीजी कशाला?' हा विचार ज्येष्ठांच्या बाबतीत धोक्याचा ठरतो.

तापाचंही तसंच आहे. वयानुसार शरीराचं नेहमीचं तापमान थोडं कमी असतं आणि जंतूंना तोंड देण्याची ताकदही मंदावते. त्यामुळे न्यूमोनिया झाला तरी थर्मामीटर शांत राहू शकतो. आजार बाहेर दिसतो तो जेवण सुटणं, झोपून राहणं किंवा पडणं अशा रूपात. पोटात अपेंडिक्स फुटलं, तरी तरुणासारखं पोट दगडासारखं कडक होईलच असं नाही. दुखणं कमी म्हणून हॉस्पिटलमध्ये यायला उशीर होतो आणि उशीर झाला की धोका वाढतो.

आता बीपी. वरचा आकडा ११० असला तर आपण म्हणतो, "एकदम मस्त!" पण ज्यांचं बीपी एरवी १५० च्या आसपास असतं आणि जे नुकतेच जिन्यावरून पडलेत, त्यांच्यासाठी ११० म्हणजे आत कुठेतरी रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते. अमेरिकेतल्या अपघातग्रस्तांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांवरच्या जखमी माणसाचं वरचं बीपी ११० पेक्षा कमी असणं हा धोक्याचा इशारा मानलेला आहे. त्यात जर ते बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेत असतील, तर रक्त वाहून गेलं तरी नाडी जलद होत नाही. मॉनिटरवरचे आकडे सगळं ठीक असल्याचं सांगतात आणि पेशंट मात्र आतून खचत असतो.

हे सगळं अनुभवाने आपोआप येतं, असा समज होता. पण काही डॉक्टरांना तो पटला नाही.

डॉक्टरांनीच कबूल केलं, आम्हाला जड जातंय

१९९२ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या इमर्जन्सी डॉक्टरांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. ज्येष्ठ पेशंटची पोटदुखी किंवा चक्कर यांसारख्या तक्रारी तपासणं तरुणांपेक्षा अवघड जातं आणि त्यासाठी मिळालेलं प्रशिक्षण अपुरं आहे, असं त्यात बऱ्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. हा अभ्यास करणाऱ्यांमध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे डॉ. आर्थर सँडर्स होते. पुढे १९९६ मध्ये त्यांच्या संपादनाखाली या विषयावरचं पाठ्यपुस्तकही आलं.

तरीही अभ्यासक्रमात नेमकं काय हवं, हे ठरायला बराच काळ गेला. २०१० मध्ये डॉ. टेरेसिटा होगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इमर्जन्सीचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ज्येष्ठांबद्दल किमान काय आलंच पाहिजे, याची यादी मांडली. तिचे आठ भाग होते:

• आजाराची वेगळी, फसवी लक्षणं
• पडणं आणि इतर इजा
• स्मृती, शुद्ध आणि वागणुकीतले बदल
• तातडीच्या उपचारांत वयानुसार करायचे फेरफार
• औषधांचं व्यवस्थापन
• एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे वॉर्डात, घरी किंवा वृद्धाश्रमात पाठवताना घ्यायची काळजी
• वेदना कमी करणं आणि आयुष्याच्या अखेरची काळजी
• आधीपासूनच्या अनेक आजारांचा एकत्रित परिणाम

यानंतर कामाने वेग घेतला. ज्येष्ठांसाठीचा इमर्जन्सी विभाग कसा असावा, याच्या मार्गदर्शक सूचना २०१४ मध्ये अमेरिकेतल्या चार संस्थांनी मिळून प्रसिद्ध केल्या. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये स्वतःचा अभ्यासक्रम तयार केला. टोरांटोच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधले डॉ. डॉन मेलाडी यांनी ऑनलाइन धडे तयार केले, त्यामुळे कुठल्याही देशातला डॉक्टर घरबसल्या ते शिकू शकतो. २०१८ पासून अमेरिकेत अशा विभागांना सोनं, चांदी आणि कांस्य अशा तीन पातळ्यांवर मान्यता मिळू लागली. आज तिथल्या शेकडो हॉस्पिटलांकडे ती आहे.

आता या धड्यांमधले काही जवळून पाहू या. कारण ते डॉक्टरांइतकेच तुमच्याही कामाचे आहेत.

धडा पहिला: साठी बुद्धी नाठी? मुळीच नाही!

"बाबा कालपासून काहीतरीच बोलतायत. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. रात्रभर झोपले नाहीत." हे ऐकल्यावर अनेक जण लगेच म्हणतात, "म्हातारपणी असं व्हायचंच." काही जण स्मृतिभ्रंशावर बोट ठेवतात.

पण स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी हळूहळू वाढतो. काल नीट असलेला माणूस आज गोंधळला, तर तो वेगळा प्रकार असतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. आपली जुनी माणसं तापात बरळणाऱ्याला 'वात झाला' म्हणत, ते बहुधा हेच. मेंदू इथे धोक्याची घंटा वाजवत असतो आणि मूळ आजार अनेकदा दुसरीकडेच असतो. कधी जंतुसंसर्ग, कधी तुंबलेली लघवी, कधी चार दिवस साफ न झालेलं पोट, कधी न सांगितलेली वेदना, तर कधी एखादी गोळी. कारण सापडलं आणि वेळेत उपचार झाले, तर बरेच जण पुन्हा पूर्वीसारखे होतात.

अडचण अशी, की हा गोंधळ नेहमी आरडाओरड करत येत नाही. बहुतेकदा ज्येष्ठ माणूस नुसता गप्प पडून राहतो, पेंगतो, एका शब्दात उत्तर देतो. त्रास देत नाही म्हणून कोणाचं लक्षही जात नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात इमर्जन्सी विभागातल्या ३०३ ज्येष्ठांची तपासणी केली होती. त्यातल्या २५ जणांना डिलिरियम होता आणि त्यातल्या १९ जणांचा तो डॉक्टरांच्या लक्षातच आला नव्हता. २५ पैकी १९!

म्हणून प्रशिक्षणात डॉक्टरांना छोट्या चाचण्या शिकवतात. '४एटी' नावाची चाचणी दोन मिनिटांत होते. पेशंट पुरेसा जागा आहे का ते बघायचं, मग वय, जन्मतारीख, आपण कुठे आहोत आणि साल कोणतं हे विचारायचं. त्यानंतर डिसेंबरपासून मागे महिने म्हणायला सांगायचं. शेवटी घरच्यांना विचारायचं, हा बदल अचानक झाला का? दिवसभरात कमीजास्त होतो का?

आता इथे आपल्या घरांतली गंमत बघा. अनेक आज्यांना स्वतःची जन्मतारीख कधी माहीतच नव्हती. 'रामनवमीच्या आदल्या दिवशीचा जन्म' एवढंच त्या सांगतील. डिसेंबर-नोव्हेंबर उलटं म्हणता येणार नाही, पण फाल्गुन, माघ, पौष असं खडाखडा म्हणतील. शिवाय तुमचं कुटुंब बंगळुरूला किंवा हैदराबादला असेल आणि आजी गावाहून आलेली असेल, तर डॉक्टरांची भाषा तिला कळणार नाही. तिचं गप्प राहणं हा गोंधळ आहे की भाषेचा अडसर, हे डॉक्टरला कोण सांगणार? तुम्हीच! 'आजीला फक्त मराठी येतं, मी प्रश्न जसेच्या तसे विचारतो,' असं सांगा. तिच्या वतीने उत्तरं मात्र देऊ नका. ती चुकली तर चुकू द्या, कारण तेच डॉक्टरला बघायचं असतं.

आणखी एक गोष्ट. गोंधळलेल्या माणसाचे हात बांधले किंवा त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं, तर गोंधळ अनेकदा वाढतो. प्रशिक्षित टीम आधी साधे उपाय करते. चष्मा आणि कानाचं यंत्र लावून देते, पाणी पाजते, बाथरूमला नेते, ओळखीचं माणूस जवळ बसवते. म्हणूनच ज्येष्ठांसाठीच्या विभागात भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ असतं, न घसरणारी फरशी असते आणि स्ट्रेचरवर जाड गादी असते.

धडा दुसरा: 'नुसत्या पडल्या' असं काही नसतं

"काही नाही हो, बाथरूममध्ये पाय घसरला." एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही, घरी जा. इथे गोष्ट संपते असं आपल्याला वाटतं. नव्या प्रशिक्षणात डॉक्टरला शिकवतात, की गोष्ट इथून सुरू होते.

पडण्याआधी काय झालं? चक्कर आली का? डोळ्यांपुढे अंधारी आली का? पाय खरोखर घसरला, की उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरलं? हृदयाचे ठोके मध्येच बिघडले का? पडल्यावर किती वेळ फरशीवर होत्या? तासन् तास पडून राहिलं तर स्नायूंना इजा होते आणि त्याचा ताण किडनीवर येतो.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टर जास्त सावध होतात. वयानुसार मेंदू थोडा आकसतो आणि कवटीच्या आतल्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्यामुळे हलक्या माराने सुरू झालेला रक्तस्राव कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देऊ लागतो. पडल्यानंतर पंधरा दिवसांनी चालताना तोल जाऊ लागला किंवा डोकं सतत दुखू लागलं, तर 'ते तेव्हाचं होतं' म्हणून सोडून देऊ नका.

घरी पाठवण्यापूर्वीची एक चाचणी तर फार सोपी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ज्यांना हे जमत नाही, त्यांना 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून तसंच घरी पाठवलं, तर रात्री बाथरूमला जाताना ते पुन्हा पडण्याची भीती असते.

खुब्याचं हाड मोडलं असेल, तर वेदना कमी करणं हाही उपचाराचा मोठा भाग असतो. ज्येष्ठांना तीव्र औषधं सोसणार नाहीत, या भीतीने त्यांना अनेकदा वेदना सोसायला लावतात. पण न शमलेल्या वेदनेनेही डिलिरियम होऊ शकतो. आता इमर्जन्सीच्या डॉक्टरांना सोनोग्राफीच्या मदतीने मांडीच्या वरच्या भागात भूल देणारं इंजेक्शन द्यायला शिकवतात. त्याने तो भाग बधिर होतो, पेशंटला आराम पडतो आणि गुंगी आणणारी औषधं कमी लागतात.

धडा तिसरा: गोळ्यांचा डबा उघडा

समजा, आजोबांना बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. त्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते. सूज बघून कोणीतरी लघवी वाढवणारी गोळी दिली. आजोबा रात्री चार वेळा उठू लागले. एके रात्री अंधारात तोल गेला आणि ते पडले. इमर्जन्सी विभागात ते 'पडलेले पेशंट' म्हणून पोहोचले. या सगळ्याची सुरुवात एका गोळीपासून झाली, हे डबा उघडल्याशिवाय कळणार नाही.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, औषधांच्या दुष्परिणामांमुळे इमर्जन्सीतून भरती कराव्या लागणाऱ्या ज्येष्ठांची माहिती तपासली गेली. सुमारे दोन तृतीयांश भरतीमागे फक्त चार प्रकारची औषधं होती: रक्त पातळ करणारं वॉरफरिन, इन्शुलिन, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या आणि मधुमेहाच्या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या. ही औषधं वाईट नाहीत, लाखोंचे प्राण वाचवतात. पण जेवण कमी झालं, किडनी मंदावली किंवा दोन गोळ्यांची गल्लत झाली, की तीच अंगावर उलटतात. (म्हणून कुठलीही गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका!)

ज्येष्ठांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची एक प्रसिद्ध यादीही आहे. डॉ. मार्क बिअर्स यांनी ती १९९१ मध्ये पहिल्यांदा मांडली आणि तिची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये आली. तिच्यात आपल्याला निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीही आहेत. उदाहरणार्थ, सर्दीवरच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या. त्यांनी ज्येष्ठांना गोंधळल्यासारखं होऊ शकतं आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी तुंबू शकते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या सर्दीच्या आणि दुखण्याच्या गोळ्या, चूर्ण, काढे यांचा उल्लेख आपण डॉक्टरांकडे करतच नाही, कारण ती आपल्याला 'औषधं' वाटतच नाहीत. डॉक्टरांना तीही हवी असतात.

धडा चौथा: घरी सोडणं हाही उपचारच

"या गोळ्या घ्या, आठ दिवसांनी दाखवा." हे सांगून काम संपत नाही, असं नवा अभ्यासक्रम सांगतो. घरी कोण आहे? जिने किती आहेत? गोळ्या कोण आणणार? सांगितलेलं आजींना ऐकू आलं का? यासाठी एक साधी युक्ती शिकवतात. 'समजलं का?' असं विचारायचं नाही, तर 'घरी गेल्यावर काय करणार, ते मला सांगा' असं म्हणायचं. उत्तर ऐकलं की काय पोहोचलं आणि काय निसटलं, ते लगेच कळतं.

डॉक्टर काही मिनिटं ज्येष्ठांशी एकट्याने बोलायला मागत असतील, तर रागावू नका. घरात मारहाण, दुर्लक्ष किंवा पैशांची लुबाडणूक होत असेल, तर मुलांसमोर कोणी सांगत नाही. ते हळुवारपणे विचारणं हाही या प्रशिक्षणाचा भाग आहे. आपल्या देशात अशा तक्रारींसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४५६७.

त्याच एकांतात आणखी एक प्रश्न विचारला जातो: "तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?" संकट आलं की आपण घाबरून म्हणतो, "डॉक्टर, काय लागेल ते सगळं करा." त्यामागे प्रेमच असतं. पण ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललंय, ते शुद्धीवर असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. एखाद्या आजोबांना आणखी दहा तपासण्यांपेक्षा स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत जाता येणं मोलाचं वाटत असेल. एखाद्या आजीला सगळे उपचार हवेही असतील, पण 'मुलाचा खर्च होईल' म्हणून ती गप्प असेल. त्यामुळे अंदाज बांधण्यापेक्षा विचारलेलं बरं.

आपल्याकडे काय चित्र आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीच्या पुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०५० पर्यंत ही संख्या ३४.७ कोटींच्या घरात जाईल. म्हणजे दर पाच भारतीयांत एक!

आपल्याकडे या क्षेत्राच्या दोन्ही बाजू अजून तरुण आहेत. इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २००९ मध्ये मान्यता दिली. वार्धक्यशास्त्र त्याआधीचं. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये १९९६ मध्ये त्यातला एमडी अभ्यासक्रम सुरू झाला. त्यामागे डॉ. व्ही. एस. नटराजन यांचे कष्ट होते. भारतातल्या वार्धक्यशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. २०१० मध्ये ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात विभागीय केंद्रं ठरली. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळू लागलं.

योजना आल्या, पण या दोन शाखांची एकमेकींशी नीट ओळख व्हायची आहे. कितीतरी हॉस्पिटलांत रात्री कॅज्युअल्टीत एखादाच तरुण डॉक्टर असतो आणि समोर रांग लागलेली असते. त्याला प्रत्येक आजोबांसाठी अर्धा तास देणं शक्य नाही. पण दोन मिनिटांची चाचणी, गोळ्यांच्या डब्यावर एक नजर आणि उठून चालायला सांगणं शक्य आहे. त्याला महागडं मशीन लागत नाही, शिकवणारा लागतो. म्हणूनच हे शिक्षण फक्त मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांपुरतं न राहता इंटर्न, नर्स आणि अँब्युलन्सवरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवं.

आपल्याकडे एक जमेची बाजूही आहे. इथे ज्येष्ठ माणूस बहुधा एकटा हॉस्पिटलमध्ये येत नाही. सोबत सून, मुलगा, नात किंवा शेजारचे काका असतात. 'काल हे कसे होते?' या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापैकीच कोणाकडे तरी असतं.

तुम्ही काय करू शकता?

✔ नेहमीचं आधी सांगा. "एरवी आई स्वतः स्वयंपाक करते, पेपर वाचते. कालपासून तिला माझं नाव आठवत नाही." या दोन वाक्यांनी डॉक्टरांना दिशा मिळते. 'बरं नाही' एवढंच सांगून थांबू नका.

✔ कधीपासून, ते नेमकं सांगा. कालपासून, चार दिवसांपासून की सहा महिन्यांपासून? अचानक की हळूहळू?

✔ गोळ्यांची पिशवी सोबत न्या. चिठ्ठ्या नाही मिळाल्या तरी चालेल, पाकिटं न्या. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या आणि काढेही त्यात ठेवा. गेल्या महिन्यात काय नवीन सुरू झालं, ते वेगळं सांगा.

✔ चष्मा, कवळी, कानाचं यंत्र विसरू नका. घाईत हेच घरी राहतं. मग न दिसणारा, न ऐकू येणारा माणूस गोंधळलेला वाटतो.

✔ नेहमीचं बीपी आणि शुगर लिहून ठेवा. आजचा आकडा कमी की जास्त, हे त्यावरूनच ठरतं.

✔ पडल्या असतील तर लपवू नका. 'मुलं ओरडतील' म्हणून अनेक ज्येष्ठ पडल्याचं सांगत नाहीत. त्यांना आधीच सांगून ठेवा, की कोणी ओरडणार नाही.

✔ घरी निघण्यापूर्वी चालवून बघा. चार पावलं चालता येत नसतील, तर ते डॉक्टरांना सांगा आणि मगच घरी न्या.

✔ हे प्रश्न विचारा. "हा गोंधळ डिलिरियम असू शकतो का?" "हे एखाद्या गोळीमुळे होत असेल का?" प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर संशय घेणं नव्हे.

आणि हो, अचानक गोंधळ, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, धाप लागणं, बेशुद्धी किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा.

आजच करता येईल असं एक काम

हा लेख वाचून झाला, की घरातल्या ज्येष्ठांजवळ दहा मिनिटं बसा. ते दुसऱ्या गावी राहत असतील तर फोन करा. त्यांचे आजार, रोजच्या गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी आहे, नेहमीचं बीपी किती, किती चालता येतं, कोणती भाषा नीट समजते, हे सगळं एका कागदावर लिहा. त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवा आणि कागद फ्रिजवर चिकटवा. लिहिताना त्यांना हेही विचारा, "कधी हॉस्पिटलमध्ये जायची वेळ आली, तर तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे?" उत्तर काहीही येवो, ते त्यांच्याच शब्दांत कागदाच्या शेवटी लिहून ठेवा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला त्याचा खूप उपयोग होईल.